आडोसा

थोरल्या दिरांनी तिच्या बाहीतून सुटलेला एक धागा उपटला, काडी ओढली आणि तो जाळून पाहिला. धाग्याची राख झाली, गोळी झाली नाही.

"सुती आहे. चालेल," ते म्हणाले आणि विझलेली काडी खिशात टाकली. वर्कशॉपच्या जमिनीवर काडी टाकलेली त्यांना खपत नसे.

सदरा तिच्या नवऱ्याचा होता. हेल्मेट त्याचं, हातमोजेही त्याचेच, बोटांना सैल होणारे. तो स्वतः घरी खिडकीपाशी खुर्चीत बसून असे. खुर्चीतून उठून दारापर्यंत गेला की त्याला मध्ये एकदा भिंतीला टेकावं लागे. घर तर चालायलाच हवं होतं. म्हणून गेले काही आठवडे ती दिरांच्या वर्कशॉपमध्ये भंगाराच्या तुकड्यांवर वेल्डिंगचा हात बसवत होती आणि आज तिला पहिलं खरं काम मिळालं होतं. एका दवाखान्याच्या जिन्याचा कठडा होता. जस्ताचा थर दिलेले पाइप होते आणि ठेकेदार असा, की प्रत्येक सांध्यावरून नख फिरवून बघणार.

दिरांना सगळा रस्ता मास्तर म्हणायचा. बाह्या मनगटापर्यंत बंद, पँटचा काठ दुमडलेला नको, त्यात ठिणगी बसते. खिशात लायटर नको. हेल्मेटची काच खाली आल्याशिवाय वेल्डिंगच्या टॉर्चचा खटका दाबायचा नाही. तापलेल्या तुकड्यावर खडूने फुली मारायची, कारण लोखंड काळं दिसलं म्हणजे गार झालं असं नाही. ही उजळणी ते येणाऱ्या-जाणाऱ्यालाही ऐकवत. मास्तर जेवायलाही हातमोजे घालून बसतात, अशी समोरचा पंक्चरवाला चेष्टा करी आणि तेही हसत.

एवढी काळजी घेणाऱ्या माणसाच्या सख्ख्या भावाची छाती कशी गेली, असं कुणी विचारलंच तर त्यांचं उत्तर तयार असे. सिगारेट. तिलाही ते पटलं होतं. त्या सिगारेटवरून तिने घर डोक्यावर घेतलं होतं, पाकीट कचऱ्यात फेकलं होतं, आठवडाभर अबोला धरला होता. त्याने मुकाट्याने सिगारेट सोडली. खोकला काही सुटला नाही.

आज सकाळी ती निघाली तेव्हा तो एवढंच म्हणाला होता, "पंखा चालू ठेव."

फार उकडतं का तिथे, असं तिने विचारलं. त्याने नुसता हात हलवला. समजावून सांगायला त्याला दम नव्हता, किंवा सांगायचं नव्हतं.

टेबलामागच्या भिंतीत धूर ओढून घेणारा पंखा होता. त्याच्या बटणावर काळी चिकटपट्टी लावलेली होती. बटण सैल असेल, असं समजून तिने पट्टी सोलली आणि पंखा लावला. नाकातोंडावर फडकं बांधलं, हेल्मेट खाली घेतलं आणि खटका दाबला. जस्ताचा पांढरा धूर सरळ पंख्याकडे ओढला जात होता. तिला बरं वाटलं. सांधा पुरा करून तिने काच वर केली आणि तिचा चेहरा उतरला. सांधाभर बारीक भोकं होती, सुईने टोचून ठेवल्यासारखी.

दीर आले. ते रागावले नाहीत, उलट ग्राइंडर घेऊन त्यांनी तो सांधा स्वतः घासून काढला. मग शांतपणे समजावलं, की टॉर्चच्या तोंडातून वायरीभोवती गॅस येतो, तो वितळलेल्या धातूवर पांघरुणासारखा बसतो. वाऱ्याने तो उडाला की हवा आत शिरते आणि भोकं पडतात. बोलता बोलता, न बघताच, त्यांचा हात मागे गेला. पंखा बंद झाला. अंगठ्याने त्यांनी चिकटपट्टी पुन्हा नीट दाबून बसवली, एकदा आडवी, एकदा उभी.

"हं, आता मार."

तिने काच खाली घेतली नाही. ती त्या अंगठ्याकडे बघत होती.

"यांच्या वेळीही बंदच असायचा?"

दीर वाकून ग्राइंडरची वायर गुंडाळू लागले. "सांधा स्वच्छ हवा तर पंखा बंद. त्याला इलाज नाही. तो स्वतःच म्हणायचा, दादा, बंद करा."

म्हणाला असेल. ती नवऱ्याला ओळखून होती. आपल्या दुकानातून गेलेला एकही कठडा परत आलेला नाही, हे मास्तर चारचौघांत सांगत तेव्हा त्याचीही मान ताठ होई. आणि जस्ताचं काम केल्या दिवशी तो संध्याकाळी हुडहुडी भरून पडे, सकाळी ताप उतरला की पुन्हा निघे. ती मात्र त्याचे खिसे हुंगत बसली होती. तिला दिरांचा इतका राग आला की टॉर्च तिथेच आपटून निघून जावंसं वाटलं. पण दुसरं कोणतं वर्कशॉप तिला टेबलापाशी उभं करणार होतं?

घरी ओट्यामागची खिडकी उघडी असली की शेगडीची ज्योत फडफडे. तेव्हा ती मागे एक ताट उभं करी. ते ताट आत्ता तिच्या डोळ्यांपुढे आलं. टेबलाखाली पत्र्याचे उरलेले तुकडे पडलेले होते, येता-जाता पायाला लागणारे. तिने त्यातला वीतभर उंचीचा एक ओढला आणि सांधा व पंखा यांच्या मध्ये चुंबक लावून उभा केला. चिकटपट्टी सोलली. पंखा लावला.

काच खाली घेऊन तिने खटका दाबला. धूर वर चढला, पत्र्याच्या काठावरून पलीकडे गेला आणि पंख्यात शिरला. सांध्यापाशी वारा नव्हता.

तिने काच वर केली. दिरांनी चष्मा लावला, सांध्यावरून नख फिरवलं, पुन्हा फिरवलं. एकही भोक नव्हतं. त्यांनी तो पत्रा हातात घेतला. पत्रा तापलेला होता आणि मास्तरांच्या हातात मोजे नव्हते. तरी त्यांनी तो लगेच सोडला नाही. मग जागच्या जागी ठेवला आणि हात पाण्याखाली धरून बराच वेळ तिच्याकडे पाठ करून उभे राहिले.

कुलूप लावताना ते म्हणाले, "घरी त्या पत्र्याचं काही बोलू नकोस. त्याला त्रास होईल."

वाटेत तिने सगळी वाक्यं जुळवून ठेवली. सांगायचंच. निदान एकदा तरी त्याला भावावर चिडता आलं पाहिजे. तो त्याचा हक्क होता.

नवरा खुर्चीत होता. ती दारात दिसताच त्याने विचारलं, "पंखा लावलास?"

"हो."

"मग सांधा कसा आला?"

खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरून तो तिच्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या छातीतली शिट्टी तेवढी ऐकू येत होती. हा प्रश्न त्याने आज दिवसभर नव्हे, कितीतरी दिवस जपून ठेवला होता, हे तिला त्या नजरेवरून कळलं. एकीकडे चोख काम, एकीकडे श्वास, आणि तिसरी वाट नव्हतीच. एवढ्याच एका समजुतीवर हा माणूस या खुर्चीत शांत बसून होता.

"भोकं पडली," ती म्हणाली.

त्याचे खांदे खाली आले.

"पडणारच. दोन्ही एकदम जमत नाही गं." तो दम घ्यायला थांबला. "नाहीतर मला काय हौस होती?"

ती दूध तापवायला ओट्याकडे वळली. खिडकी उघडी होती, शेगडीची ज्योत फडफडत होती. सवयीने तिने ताट उचललं. त्याच्या खुर्चीतून ओटा सरळ दिसत असे. तिने ताट परत ठेवलं आणि खिडकी लावून घेतली.