कान जमा करण्याबाबत

फळ्यावर

उपहास म्हणजे खोटं इतक्या गंभीरपणे सांगणं की ते खरं वाटू लागेल.
भविष्यकथा म्हणजे आज जे थोडं चुकतंय, ते चाळीस वर्षं पुढे ढकलून पाहणं.
गृहपाठ: दोन्ही एकत्र. सुरत, साल २०६५. कथा नोटिशीच्या रूपात.

(इयत्ता नववी. नवागामची मराठी शाळा. अक्षर अपर्णा टीचरांचं.)

वहीत

स्नेहा भिकन पाटील

सर्व लूम कामगारांना कळविण्यात येते की,
१. कामावर रुजू होताना दोन्ही कान ऑफिसात जमा करावेत. टोकन मिळेल.
२. लूमच्या आवाजाने कान जातात अशा तक्रारी येतात. कानच नसले की तक्रार राहणार नाही.
३. सुट्टीच्या दिवशी एक कान घरी नेता येईल. मुलांचं बोलणं ऐकून झाल्यावर परत करावा.
४. निवृत्तीनंतर कान परत मिळतील. ते चालू असतील याची हमी नाही.

त्याखाली आणखी एक ओळ: माझे पप्पा फोनवर एवढे ओरडतात की त्यांना फोनची गरजच नाही.

समासात, लाल पेनने

पहिली चार कलमं वाचून मी खुर्चीत नीट बसले. शेवटची ओळ सगळ्यांत जास्त हसवते. पण हसू कोणावर येतं? कंपनीवर की पप्पांवर?

वर्गात

लखन (मूठ कानाला लावून, गळा ताणून): हॅलोऽऽ! कोन? कोन बोली राह्यनं?

वर्ग हसून लोळला. स्नेहाही हसली. मग तिला ती लाल ओळ आठवली.

स्नेहा (गुजरातीवर उतरत): चूप रे! तारा पप्पा बी एवाज छे.

लखन: हा, तर? माझे तर समोर बसून पण ओरडतात.

आता कोणी हसलं नाही. गोडादऱ्यापासून दिंडोलीपर्यंत, यंत्रमागवाल्यांच्या या वस्तीत, निम्म्या घरांत असंच बोलतात.

स्नेहाने शेवटची ओळ खोडली. इतकी, की कागद फाटला.

स्टाफरूमच्या दारात

"पालकसभेत वाचशील?"

"नाही टीचर. पप्पा येणार आहेत."

"मग?"

"त्यांना वाटेल मी त्यांची मस्करी केली. ती ओळ काढली, तरी कान त्यांचेच आहेत ना."

टीचरांनी आग्रह केला नाही. मधली सुट्टी संपता संपता स्नेहाच परत आली.

"वाचते. पण माईक नको."

टीचरांना वाटलं, पोरगी बुजतेय. स्नेहाचा हिशेब वेगळा होता. बाप्ये मागच्या रांगेत बसतात. माईक नसला की पप्पांपर्यंत एक शब्द पोहोचणार नाही.

सभेत

ती हळू आवाजात वाचू लागली. पुढच्या रांगेतल्या बाया पुढे झुकल्या. कोणीतरी म्हणालं, "मोठ्यानं वाच गं, काहीच ऐकू येत नाही."

तिसऱ्या कलमाला हशा पिकला. मागच्या रांगेत.

स्नेहाने वर पाहिलं. रात्रपाळी करून थेट आलेले पंधरा-वीस बाप तिच्या ओठांकडे एकटक बघत होते. चालू लूमच्या कारखान्यात आवाज पोहोचतच नाही. माणसं वर्षानुवर्षं एकमेकांच्या ओठांवरूनच बोलणं वाचतात. घरीसुद्धा ती पप्पांशी नेहमी तोंड समोर करूनच बोलायची. जन्मापासून. आणि हेच तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

भिकन पाटील हसत नव्हते.

चौथ्या कलमाचं पहिलं वाक्य वाचून तिने मान खाली घातली आणि ‘हमी नाही’ हे ओठ झाकून वाचलं. वाचून झालं तरी मान वर केली नाही.

"पोर!"

खिडकीची काच थरथरावी असा आवाज. भिकन पाटील उभे होते.

"निवृत्तीना पहिले मानूस मरी गया तं? त्याना कान कोनले?"

मुख्याध्यापक उठले. "भाऊ, ही गोष्ट आहे. खरं नाहीये हे."

"माले ठाऊक शे! गोष्टमाच इचारी राह्यनू!"

"आन बदलीवाल्याचं काय?" शेजारचे पंडितभाऊ तितक्याच जोरात ओरडले. "दुसऱ्याच्या जागी येतो तो, त्याले कोनाचे कान?"

मग सगळीच मागची रांग बोलू लागली. मुख्याध्यापकांनी टेबल वाजवलं. ते फक्त पुढच्या रांगेने ऐकलं. अपर्णा टीचर भिंतीला टेकून उभ्या होत्या. डोळे पुसत होत्या, की हसत होत्या, कळत नव्हतं.

भिकन पाटील अजून उभेच. उत्तर हवं होतं त्यांना.

स्नेहाने कागद खाली केला. चेहरा वर. या गोंगाटात आवाज काढण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिने नुसते ओठ हलवले, सावकाश, घरी बोलते तसे.

*कलम पाच. कामगार वारल्यास कान त्याच्या मुलीला मिळतील. ती त्याचीच मुलगी आहे, असा दाखला तिने आणावा.*

मागची रांग एकदम गप्प झाली. पुढच्या रांगेला काय झालं ते कळेना.

भिकन पाटलांनी दोन्ही हात पसरले.

"दाखला कसाले? मी आठे उभा शे ना!"