चारशेच्या चोकवर अडीचशेचा बल्ब

शिडीवाली त्या दिवशी इतकी तापली होती, की तिच्या डोक्यावर चहाचं आधण ठेवलं असतं तर उतू गेलं असतं.

कपडे शिवायच्या त्या कारखान्यात दिवे लावायचं, उतरवायचं काम तिचं. ते मागवायचं काम तिच्या दिराचं, कारण स्टोअर त्याच्या ताब्यात. या शहाण्याने छतासाठी अडीचशे वॅटचे बल्ब मागवले. आणि वरचे चोक सगळे चारशेचे! चोक म्हणजे दिव्याला वीज वाढणारा डबा. तो थोडाच विचारतो, बाबा, तुझी भूक किती? चारशेचं ताट समोर आदळून मोकळा. पहिले दोन महिने बल्ब असे पेटले, की पापणीच्या केसाचीसुद्धा सावली पडायची. मग काळे पडत गेले. आणि आज सकाळी एक फाडकन फुटला. तापलेली काच खाली मशीनवर, शिवणाऱ्या बाईच्या मनगटावर.

बाई कोण? त्याच दिराची बायको. शिडीवालीची धाकटी जाऊ.

शिडीवालीने तडक जाऊन मेन स्विच खाली ओढला. साठ मशिनी गप्प. खिडक्यांतून येईल तेवढाच उजेड.

मॅनेजर धावत आला. "कुणी बंद केलं? लाव आधी!"

"गार झाल्याशिवाय पुन्हा पेटत नाहीत हे. दहा मिनिटं आहेत साहेब, ऐकून घ्या."

दीर मध्ये घुसला. "वहिनी, तुम्हीच नीट आवळला नसेल. आटे बरोबर बसतात, मी स्वतः फिरवून बघितलेत."

"आटे बसले की झालं? उद्या बरणीचं झाकण बसलं तर तेही लावायला द्याल! तीनदा सांगितलं, चोकवरचा आकडा वाचा. काय म्हणालात? शिडी तुमची, डोकं माझं!"

"साहेब, यांना काढाच कामावरून. घरातलं माणूस म्हणून इतके दिवस गप्प बसलो."

जावेने मनगटावर ओलं फडकं गुंडाळलं, आपलं स्टूल पायाने शेजारच्या दिव्याखाली ढकललं.

"बसा."

"म्हणजे?"

"आता दिवे लागतील. तुम्हीच आणलेत ना? तासभर बसा खाली. मी बसते तुमच्या स्टोअरात."

दिराने वर पाहिलं. काळा ठिक्कर बल्ब बरोबर टाळूवर. त्याचे पाय आपसूक दोन पावलं मागे गेले.

साठ बायकांनी ते पाहिलं. मॅनेजरनेही.

"असे किती आहेत?" त्याने शिडीवालीला विचारलं.

"एकोणचाळीस."

"उतरवा सगळे. बरोबरचे येईपर्यंत काम बंद."

"उतरवते. पण शिडी भाऊजी धरतील."

धरली की! न धरून सांगतो कुणाला? ती एकेक बल्ब काढून त्याच्या हातात द्यायची आणि वरून ओरडायची, "काय लिहिलंय? मोठ्याने वाचा!"

"अडीचशे."

"आणि चोकवर?"

"चारशे."

विसाव्या बल्बाला त्याचा घसा बसला.

"ऐकू नाही आलं, भाऊजी," ती वरून म्हणाली.