कडुनिंबाचं माहेर

आमच्या गल्लीचं डोकं ठिकाणावर नाही, हे आधीच सांगून टाकतो. १९५४ साली झाडं वाचवायला मी नगरपालिकेला अर्जावर अर्ज केले, आणि मीनाक्षीबाईंनी लग्न काढलं.

कुंभकोणम्‌ला विठ्ठलाच्या मठामागे आमचं नंदवन, म्हणजे देवाच्या फुलांची बाग. तुळस, कण्हेर, पारिजात, मधे विहीर, विहिरीवर पिंपळ नि कडुनिंब. गाव तव्यासारखं तापलं की सारी गल्ली तिथे येऊन पडायची. सावलीत भांडणंसुद्धा लवकर मिटायची. ही दोन झाडं पाडून नगरपालिका गोदाम बांधणार होती. झाडं गेली की विहीर आटणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. ओव्हरसियर वरदराजाला कळत नव्हतं. तो साखळी घेऊन जागा मोजायला आला.

मठात फुलं पुरवणाऱ्या मीनाक्षीबाई त्याला म्हणाल्या, "तोडा की! पण कुंवार पोरीवर कुऱ्हाड नोको. पाप लागतं. आधी लग्न होऊं द्या."

पिंपळ-कडुनिंबाचं लग्न आमच्याकडे लावतातच, पिंपळ नवरा नि कडुनिंब नवरी. वरदराज कर्मठ माणूस, पापाच्या नावानेच गारठला. मुहूर्ताला पिंपळाकडून मीनाक्षीबाई वरमाई, मागे अख्खी गल्ली उभी, कडुनिंबाकडून कुत्रंसुद्धा नाही. भटजींनी विचारलं, "कन्यादान कोण करणार?" रिकामा उभा होता तो वरदराजच. त्याच्या बायकोने, कृष्णवेणीने, त्याच्या हातावर पाणी सोडलं. लग्नाला वीस वर्षं होऊन दोघांना मूल नव्हतं. ती पदराने बुंधा पुसत होती, आणि आम्ही निर्लज्ज हसू दाबत होतो.

शुक्रवारी मजूर कुऱ्हाडी घेऊन आले. वरदराज आडवा आला. "माझ्या पोरीच्या अंगाची हळद उतरली नाही अजून! चालते व्हा!"

पुढे आडी महिना लागला, तमिळांचा आषाढ. आडीत नव्या नवरीला माहेरी न्यायचं, ही इथली रीत. हिला नेणार कशी? मग माहेरच हिच्याकडे आलं. नवरा-बायको वळकटी नि चूल घेऊन झाडाखाली राहिली. कृष्णवेणी बुंध्याला हळद लावी. वरदराज जावयाचा मान राखून पिंपळापासून चार हात दूर बसे. कचेरीने अहवाल मागितला, तेव्हा त्याने लिहून दिलं, 'इथे गोदाम होणार नाही. मुलगी नांदते आहे.'

असल्या कागदावर पुढे सही करायची कुणाची छाती होईना. गोदाम दुसरीकडे गेलं, आणि वरदराजाची बदली झाली रामनाथपुरम्‌ला.

निघताना त्याने मीनाक्षीबाईंपुढे हात जोडले. "विहीणबाई, पोर अजाण आहे. चुकलं-माकलं तर पोटांत घाला." कृष्णवेणीची मिठी खोडापासून सुटेना.

डाव रचणाऱ्या मीनाक्षीबाईंना मान वर करवेना. "माझीच पोर ती," एवढंच त्या म्हणाल्या, आणि ढसाढसा रडल्या. मलाही मेली शरम वाटली.

त्या दिवसापासून मीनाक्षीबाई सुनेला आधी पाणी घालतात, मुलाला मागून.