टोकाला अठरा टन

सकाळी डबा भरता भरता बापाची नजर लेकीच्या वहीवर गेली आणि हात तिथंच थांबला. पानावर टॉवर क्रेनचं चित्र होतं. पंधरा वर्षं तो हेच यंत्र चालवत होता, म्हणून वाकून वाचू लागला. मागच्या बाजूला, खांबापासून दहा मीटरवर सहा टनांचं वजन. पुढच्या हाताच्या टोकाला, तीस मीटरवर, किती भार टांगला तर तोल राहील? खाली सुबक अक्षरात उत्तर होतं : अठरा टन.

“खारू, हे चुकलंय.”

“क्लासच्या ग्रुपवरून घेतलंय, बाबा. सगळ्यांचं तेच आहे.”

“टोकाला अठरा टन? अगं, क्रेन तोंडावर आपटेल!”

“मग किती यायला हवं?”

दहावीत गणितानंच घात केलेला. हाताला कळत होतं, कागदावर उतरत नव्हतं.

“ते मला मांडता येत नाही. पण अठरा नाही.”

“मग राहू द्या ना,” म्हणत तिनं वही दप्तरात कोंबली. “दुपारी द्यायचीय.”

कॅबिनमध्ये बसला तरी त्याचं चित्त थाऱ्यावर येईना. विटांचा एक पाळणा उचलला, उतरवला. दुसरा उचलताना खालून वॉकीटॉकीवर ओरडा आला, “अहो, लक्ष कुठंय?” वाऱ्याच्या वेगाचा आकडा त्यानं तीनदा पाहिला. नजर सारखी पुढच्या हाताच्या टोकाकडे जाई. तिथं दोन टन टांगतानाही तो इंचाइंचानं सरकायचा. अठरा!

चहाच्या सुट्टीत तो कधी खाली उतरत नसे. शिडीच तेवढी लांब. आज उतरला आणि साइटवरच्या इंजिनिअर बाईंसमोर उभा राहिला.

“मॅडम, एक गणित सोडवता का?”

वहीतले आकडे आणि उत्तर ऐकून बाईंनी सिमेंटच्या फाटक्या पिशवीवर पेन्सिल चालवली. “सहा गुणिले दहा, साठ. भागिले तीस. दोन टन. कुणीतरी तीसनं गुणून दहानं भागलंय. साफ उलटं.”

त्यानं तेवढा तुकडा फाडून घेतला. लेकीचा फोन शाळेत बंद असायचा. मुकादमाला “तासाभरात येतो” म्हणाला आणि हेल्मेटसकट शाळेचं फाटक गाठलं.

लेक बाहेर आली ती घाबरून. “आईला काही झालं का?”

“नाही गं. हे बघ.”

तुकडा पाहून तिचा चेहरा लाल झाला. “एवढ्यासाठी आलात? बाबा, एका मार्काचं गणित आहे! वर्गातून सगळ्या बघतायत.”

“मार्क जाऊ दे. तुला पटलं का, तेवढं सांग.”

“पण तुम्हाला एवढं काय लागलंय?”

त्यानं डोक्यावरचं हेल्मेट काढलं. मग म्हणाला, “वीस वर्षांपूर्वी मी खाली भार बांधायचो. एकदा चिठ्ठीवर चुकीचा आकडा आला. मला वजन जास्त वाटलं होतं. पण चिठ्ठी साहेबाची, मी कोण बोलणार? बांधलं. क्रेन गेली.”

तिनं तुकडा पुन्हा वाचला, या वेळी बोट ठेवून. “मागचं जवळ आहे, पुढचं लांब. म्हणजे पुढं कमीच लागणार,” ती स्वतःशीच पुटपुटली आणि वळून आत पळाली.

संध्याकाळी तो घरी येऊन हातपाय धुतो न धुतो तोच तिनं सांगायला सुरुवात केली. वह्या आधीच गोळा झाल्या होत्या. तिनं आपली परत मागितली तर बाई म्हणाल्या, फळ्यावर करून दाखव. मध्येच गोंधळली, दोन मुली हसल्या, पण दोन टन आणले. शेवटी बाईंनी सगळ्यांनाच वह्या दुरुस्तीसाठी परत दिल्या.

“आता रसायनशास्त्राचं आहे,” ती म्हणाली. “ते येतं का तुम्हाला?”

“त्यातलं ओ की ठो कळत नाही.”

ती हसली नाही. पेन खाली ठेवून तिनं विचारलं, “त्या दिवशी वर कॅबिनमध्ये कोण होतं?”

“माझे उस्ताद. त्यांच्याच हाताखाली मी हे काम शिकत होतो.”

“वाचले?”

“वाचले. पण परत चालले नाहीत.” तो खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला आणि आजवर बायकोलाही न सांगितलेली ती सकाळ पहिल्यापासून सांगू लागला.