पहिल्या घासानंतर

उर्मिलाबाईंनी मांडीवर वळत असलेली वात अर्धीच सोडली आणि मान फिरवली.

“शी!”

टीव्हीवर जेवणाचा दस्तरखान पसरलेला होता. कराचीतल्या कुठल्याशा मोठ्या घरातला मुलगा बायकोला बजावत होता, की शाळेतली नोकरी उद्यापासून बंद, नाहीतर माहेरचा रस्ता धर. त्याची आई शेजारीच बसून मटणाची नळी चोखत होती. सून सासूकडे बघत होती आणि सासू नळीत अजून काही उरलंय का ते बघत होती.

“पुढे ढकलू का, आई?” निहारिकाने रिमोट उचलला. “चातुर्मासात तुम्हाला हे असलं बघायला नको.”

“मटणाचं नाही गं म्हणत मी. त्या बाईचं म्हणतेय. समोर पोरीच्या जन्माचा प्रश्न आणि हिचं आपलं चालूच. घशाखाली उतरतंय तरी कसं!”

“पुढच्या भागात बोलेल ती कदाचित.”

“कसली बोलतेय! बोलायचं असतं तर तोंड मोकळं ठेवलं असतं.”

निहारिका हसली नाही. तिने रिमोट परत टीपॉयवर ठेवला.

आषाढात मुलाकडे परदेशात, मरीन परेडच्या या फ्लॅटमध्ये आल्या तेव्हा उर्मिलाबाई या मालिकांकडे पाठ करून बसायच्या. त्यांचा लक्ष वातींचा संकल्प होता. रोज दुपारी टेक्काच्या बाजारातून आणलेला कापूस घेऊन वाती वळायच्या आणि निहारिका समोर तिच्या पाकिस्तानी मालिका लावायची. त्यातलं आरडणं, कानफटात मारणं, पोरींना दारात उभं करणं सगळं त्यांना किळसवाणं वाटे. मग एक दिवस त्यांनी, “का गं, पुढे काय झालं तिचं?” असं विचारलं आणि पाठ वळून तोंड टीव्हीकडे झालं. उर्दू अर्धंमुर्धंच कळायचं. पण एखादी सून डोक्यावरची ओढणी सारखी करून, आवाज न चढवता, नवऱ्याला म्हणायची की हे मला मंजूर नाही, तेव्हा उर्मिलाबाईंच्या वाती भराभर वळल्या जायच्या.

निहारिकाचा मोबाइल थरथरला. तिने बघितला आणि पालथा घातला.

“त्याच लोकांचा?”

“हं. शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवा म्हणतायत.”

बुओना व्हिस्टाच्या एका प्रयोगशाळेने तिला नोकरी देऊ केली होती. पुण्यात पीएचडी करून आलेली पोर दोन वर्षं घरात होती, नवऱ्याची, निमिषची अवलंबित म्हणून त्याच्या पासवर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर. ही नोकरी घेतली तर तिला स्वतःचा पास मिळणार होता. हे उर्मिलाबाईंना कोणी समोर बसवून सांगितलं नव्हतं. जेवताना कानावर पडलं होतं.

जेवताना त्या बोलत नसत. चातुर्मासातलं मौनाचं जेवण त्यांनी लग्नाच्या पहिल्या वर्षी धरलं ते आजतागायत. नवऱ्याला, कमलाकररावांना, पानावर बसलं की दोष काढायची सवय होती, आणि उर्मिलाबाईंची जीभ तेव्हा तरतरीत होती. सासूनेच सुचवलं होतं, “जेवताना मौन धर. उलट उत्तर जायला नको आणि पुण्यही पदरात.” कमलाकरराव बोलत राहिले, त्या जेवत राहिल्या. शेजारपाजारच्या बायका म्हणायच्या, काय शांत आहेत हो तुमच्या सूनबाई! पुढे कमलाकरराव गेले. व्रत राहिलं, आणि नंतर नंतर ते खरंच देवासाठी झालं.

निमिष साडेसातला आला. तांजोंग पगारच्या बँकेतून येताना त्याच्या हातात आईसाठी जास्वंदीची पुडी होती.

“काय, आज कोणाला घराबाहेर काढलं?” बूट काढता काढता त्याने विचारलं. “आई, तुला कळतं तरी का गं त्यांचं उर्दू?”

“कळायचं ते कळतं. हातपाय धू.”

“बघ, तोराही शिकलीस त्यांचा!”

पानं वाढली. निहारिकाने कांदा-लसूण न घालता शेवग्याच्या शेंगांची आमटी केली होती. उर्मिलाबाईंनी हात जोडले, डोळे मिटले, पहिला घास घेतला. आता हात धुवेपर्यंत शब्द नाही.

निमिषने पोळीचा तुकडा मोडला.

“हां, तर निहारिका. कळवलंस त्यांना?”

उर्मिलाबाईंचा घास तोंडात फिरायचा थांबला. कालही असंच झालं होतं. परवाही. घरात आल्यापासून तो हसत होता, चेष्टा करत होता. हा विषय मात्र तो त्यांच्या पहिल्या घासानंतरच काढायचा. त्याआधी एकदाही नाही.

“अजून नाही,” निहारिका म्हणाली.

“मग आज कळव. नाही म्हणून.”

“मी विचार करतेय निमिष.”

“तू कशाला विचार करायचास?” त्याचा आवाज अगदी मऊ होता. तो चढला असता तर बरं झालं असतं. “तू इथे राहतेस ती माझ्या पासवर. मी उद्या एचआरला एक मेल टाकला की तुझा पास कॅन्सल. मग जा पुण्याला आणि बस तिथे परीक्षानळ्या हलवत. कोण विचारतंय बघू.”

“असं नको बोलूस.”

“प्रॅक्टिकल बोलतोय. आईलाही पटतंय. हो की नाही गं, आई?”

उर्मिलाबाईंनी वर बघितलं. त्यांच्या तोंडात शेंग होती. निमिष त्यांच्याकडे बघून प्रेमाने हसला आणि बायकोकडे वळला.

“बघ. नाही म्हणाली का ती?”

निहारिकाही त्यांच्याकडेच बघत होती. पंखा फिरत होता. बाकी खोलीत एकच आवाज होता, शेंगेतला गर ओढण्याचा, आणि तो त्यांच्याच तोंडातून येत होता.

उर्मिलाबाईंनी चोथा तोंडातून काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला.

“पुन्हा म्हण,” त्या म्हणाल्या.

निमिषचा हात ताटातच राहिला. “काय?”

“मघाशी म्हणालास ते. आत्ता म्हण.”

“आई, अगं तुझं मौन...”

“होतं.”

“इतक्या वर्षांचं व्रत मोडलंस? यासाठी?” तो हसायला गेला. “चेष्टा करत होतो मी.”

“मग तीच चेष्टा कर पुन्हा. मला बोलता येत असताना कर.”

निमिषने निहारिकाकडे बघितलं, पाण्याच्या तांब्याकडे बघितलं. त्याने भात कालवायला घेतला. ती बोटं, ते कालवणं, मान किंचित तिरकी धरणं. हे सगळं उर्मिलाबाईंनी तीस वर्षं समोरच्या पानावर पाहिलं होतं. ते आपल्याच पोटातून पुन्हा आलं आणि आपणच त्याला घास भरवले.

मौन मोडलं की पान सोडायचं, हा नियम निहारिकाला ठाऊक होता. ती उठली आणि ताट उचलायला वाकली.

“राहू दे,” उर्मिलाबाई म्हणाल्या. “देवाचं आणि माझं मी बघून घेईन. बस तू. भात वाढ मला. स्वतःलाही घे.”

तिने वाढला. वाफ निघत होती. उर्मिलाबाईंनी तुपाचं भांडं ओढलं. निमिषने लहानपणापासूनच्या सवयीने ताट पुढे सरकवलं. त्यांनी निहारिकाच्या भातावर तूप सोडलं, स्वतःच्या भातावर थोडं घेतलं आणि झाकण लावलं.

निमिषचं ताट तसंच पुढे आलेलं राहिलं.

“हां, सांग,” उर्मिलाबाई म्हणाल्या. “इथून तिकडे जायचं कसं?”

“कुठे, आई?”

“बुओना व्हिस्टाला.”

निहारिकाने एकदा नवऱ्याकडे बघितलं. मग तिने घसा साफ केला.

“आधी बस. पाया लेबारपर्यंत. तिथून एमआरटीची ट्रेन, सरळ.”

“मध्ये गाडी बदलावी लागते?”

“नाही.”

“गर्दी असते?”

“सकाळी असते.”

“बसायला मिळतं का?”

“कधी मिळतं, कधी नाही,” निहारिका म्हणाली. “पण उभं राहता येतं, आई.”

“जेव,” उर्मिलाबाई म्हणाल्या आणि पुढचा प्रश्न शोधू लागल्या.