पाच वावरांचा एकच सुकलू

मी गडचिरोलीत एका सरकारी खात्यात कंत्राटी ऑपरेटर आहे. खात्याचं नाव सांगत नाही, कारण कंत्राट अजून संपलेलं नाही.

काम असं, की जंगलात लाकूडतोडीला लावलेल्या जुन्या मजुरांची नोंद एका मेनफ्रेमवर होती. मेनफ्रेम म्हणजे खोलीएवढा कॉम्प्युटर. तो भंगारात गेला, टेपा उरल्या. नागपूरच्या एका माणसानं टेपांतला मजकूर पेनड्राइव्हवर उतरवून दिला, पण आपल्याकडे उघडला की नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. त्या यंत्राची अक्षरं ठेवायची पद्धतच वेगळी, आकडे दाबून भरलेले, आणि एक माणूस कुठे संपून दुसरा कुठे सुरू होतो याचा पत्ता नाही. उन्हाळाभर मी चौकोनांतून माणसं बाहेर काढत होतो आणि एक्सेलमध्ये बसवत होतो. कूलरसमोर बसून. कूलर बंद होता.

शेवटी आमचे साहेब दिनेश सर यांनी फाइल पाहिली. "हे काय रे? एकच माणूस पाच-पाच वेळा? तेच नाव, तेच गाव, तीच जन्मतारीख. डुप्लिकेट उडव."

उडवले. फाइल हलकी झाली. सरांनी 'फायनल' म्हणून सही केली आणि चहा मागवला.

मग धानोऱ्याकडून बुधरीबाई आल्या. त्यांच्या वावराचा, म्हणजे शेताचा, वनहक्काचा दावा समितीपुढे होता, आणि वावर आहे त्याच गावचा बाप होता याला सरकारी पुरावा हवा होता. नाहीतर वावर जाणार.

"माहा बाप सुकलू," त्या म्हणाल्या. "तुमच्याच कामावर जाये."

मी शोधलं. गावात सुकलू एकच, आणि त्याच्या नोंदीचा कागद वारलू नावाचा मुलगा आधीच घेऊन गेला होता.

"बाई, हा वारलूचा बाप आहे."

"वारलूचा अलग, माहा अलग. पाच सुकलू होते आमच्या गावात."

"पाच काऊन?"

"शुक्रवारी जनमला का नाव सुकलू. मी बुधवारची. आता शुक्रवार का एकाच घरी येते, भाऊ?"

"पण जन्मतारीख? सगळे एक जुलैचे कसे?"

"कामावरच्या मुकरदमानं लिवली. त्याले घरी जायची घाई होती."

वडिलांच्या नावाला त्या टेपेत जागाच नव्हती. म्हणजे यंत्राच्या हिशेबानं पाच माणसं ही एकाच माणसाची वाईट सवय होती.

मी सरांकडे गेलो. सर म्हणाले, "फायनल फाइल बदलत नाही. फायनल म्हणजे काय समजतोस तू?"

मला बरंच काही समजत होतं, पण कंत्राट. मी परत येऊन बसलो. बाई बाकावर तशाच बसल्या होत्या.

"काई होते का नाई?"

"फाइल म्हणते सुकलू एकच आहे. मग तो तुमचाही आहे," मी म्हणालो आणि तोच कागद पुन्हा छापून दिला. "बाकीच्या तिघांच्या घरच्यांनाही पाठवा."

सगळे आले. सगळ्यांना तोच सुकलू दिला.

समितीचं पत्र सरांच्या नावे आलं: आपल्या फायनल फाइलीनुसार सुकलू नावाच्या एका इसमाच्या पाच वारसांनी, जे एकमेकांचे कोणी लागत नाहीत, पाच वावरांचा दावा केला आहे. एका माणसाला एवढी जमीन कायद्यात बसत नाही. खुलासा करावा.

सरांनी पत्र वाचलं, पुन्हा वाचलं. सोबत जोडलेल्या फाइलीच्या पानावर त्यांचीच सही होती, ती काही डुप्लिकेट म्हणून उडवता येत नव्हती.

"उडवलेले आहेत का रे कुठे?"

"पेनड्राइव्हवर आहेत, सर. चौकोनांत."

"काढ."

मी पुन्हा काढायला बसलो. सरांनी खुलासा लिहिला, "सदर इसम एक नसून पाच आहेत," आणि नवीन फाइलीवर सही केली. समितीनं ती मान्य केली. पाच बाप, पाच ओळी.

बुधरीबाई कागद न्यायला आल्या तेव्हा मी पानावर पाचही सुकलू दाखवले. एकाखाली एक, सगळे सारखे.

"यातला माहा कोनता?"

"तुम्हीच पाहा, बाई. कोणताही घेतला तरी चालते."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग मधल्या ओळीवर बोट ठेवलं. "हा असन. थंडीत शेकोटीपाशी सगळ्याईच्या मधात बसे."

मी मधला छापून दिला.