निम्मं सिकल

"मले बी सिकल हाये ना? मंग मी नाई का उभा राहत चिखलात?" सेवकराम दारातूनच ओरडला. आत खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडलेल्या राजदीपने भिंतीकडे तोंड फिरवलं. इटियाडोह धरणाचं पाणी बांधीत, धानाच्या शेतात भरलेलं, गावभर रोपांची रोवणी चाललेली, आणि ह्याचा तरणा पोरगा झोपून. उद्या उतरायचं म्हणजे उतरायचं, त्याने बजावलं.

आता गंमत बघा, बाप खोटं बोलत नव्हता. तपासणीच्या शिबिरात त्यालाही सिकलचं, म्हणजे सिकलसेल ह्या रक्ताच्या आजाराचं कार्ड मिळालेलं, बायकोला, अंजनालाही. पण त्यांचं सिकल निम्मं, नुसतं वाहकाचं. पोराच्या वाट्याला दोघांकडचं आलं, म्हणजे पुरं. डॉक्टरने सांगून झालं, अंजनाने सांगून झालं. सेवकरामचं एकच, नाव तेच तर दुखणं वेगळं कसं? मागच्या रोवणीत राजदीप असाच गार पाण्यात उतरला आणि अंगभर कळा येऊन थेट गोंदियाला दवाखान्यात भरती झाला, तरी ह्याचा हेका कायम.

पण यंदा घरात अल्का होती. राजदीपची मोठी बहीण, एम.एस्सी.वाली, आणि तिच्या लॅपटॉपमध्ये काय, तर चक्क हलणारं हिमोग्लोबिन, रक्तातलं प्रोटीन, सिकलमध्ये बिघडतं तेच. कॅमेऱ्याने घेतलेलं नाही हं, गणिताने हलवलेलं. कोणत्या अणूला कोण ओढतं, कोण रेटतं ते मोजायचं, सगळे अणू जरासे सरकवायचे, पुन्हा मोजायचं, पुन्हा सरकवायचे. कॉलेजचा मोठा कॉम्प्युटर आठवडेच्या आठवडे हेच करत बसला, तेव्हा कुठे ते प्रोटीन श्वास घेतल्यासारखं हललं.

तिने बापाला हाताला धरून बसवलं, चिखलाच्या पायांनी तसंच. म्हणाली, ओरडा नंतर, आधी हे पाहा.

पडद्यावर हिमोग्लोबिनचे दोन गोळे, एकमेकांना चिकटलेले. एक चांगला, एक सिकलचा. थरथरले, जरा घुसळले आणि हळूच वेगळे झाले.

"हे तुमचं," अल्का म्हणाली. "तुमच्या रक्तात चांगले बी हायेत. चिकटले तरी सुटतेत."

मग दुसरी फिल्म. दोन्ही गोळे सिकलचे, एकाचा कोपरा दुसऱ्याच्या खाचेत रुतलेला. थरथरले, वळले, पण सुटेनात.

"हे राजदीपचं. असे एकामागं एक चिकटत जातेत, त्याची काडी होते, नस बुजते, मंग कळा येतेत. नाटक नाई करून राहिला तो, बाबा."

सेवकरामने विचारलं, ह्यांना सोडवायची दवाई नाही का? अल्का म्हणाली, दुखणं कमी करणारी आहे. पुरं सोडवणारी, आपल्यासारख्यांच्या हाती येईल अशी, लोक शोधताहेत. तीही त्यांच्यातलीच एक.

"उद्या मी एकटाच उतरन," तो खाटेकडे न बघता म्हणाला.

मग पुढे सरकला. चिखल वाळलेला अंगठा त्याने पडद्यावर, दोन गोळ्यांच्या बरोबर मधे टेकवला आणि हळूच बाजूला सारून पाहिला. अंगठ्याखाली ते थरथरतच राहिले, चिकटलेले.